वहिनी किल्ला मागत होत्या

आमच्या इमारतीत त्यांना सगळे किल्लेदार म्हणत. बाजाराच्या तोंडाशी त्यांची चार फुटांची टपरी होती आणि तिच्यात ते किल्ल्या बनवत, कुलपं दुरुस्त करत. टपरीची पाटी रंगवणाऱ्या पेंटरने 'सर्व प्रकारच्या किल्ल्या' ऐवजी 'सर्व प्रकारचे किल्ले बनवून मिळतील' असं रंगवून ठेवलं. दुसरा कोणी असता तर पेंटरला त्याच दिवशी परत बोलावलं असतं. हे म्हणाले, "राहू दे. बरोबर लिहिलेलं कोण वाचतं? चुकलंय म्हणून लोक थांबतात तरी."

लोक थांबत आणि चेष्टाही करत. "दोन बुरुजांचा एक बनवून ठेवा, संध्याकाळी नेतो," असं कोणी म्हटलं की ते कानस न थांबवता म्हणत, "आधी दरवाजा घेऊन या. मापाशिवाय आम्ही काम घेत नाही."

माणूस हडकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोटांच्या पेरांत पितळेचा बारीक चुरा कायमचा बसलेला. किल्ली हरवलेलं कुलूप आलं की त्यांचं काम बघत राहावंसं वाटे. कोरी किल्ली मेणबत्तीवर धरायची, तिच्यावर काजळी चढवायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची आणि बाहेर काढायची. आत जिथे अडलं तिथली काजळी पुसलेली असे. तेवढंच घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा आत. "कुलूप स्वतःच सांगतं काय हवंय ते," ते म्हणत. "आपण फक्त मध्ये बोलायचं नाही."

मी कॉलेजात भाषा हा विषय घेतला होता हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. एकदा मी माळ्यावरच्या पेटीची किल्ली करून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, एक सांगा. किल्ला आणि किल्ली हे नवरा-बायको ना? म्हणजे लोटा-लोटी, सुरा-सुरी, तसे?"

मलाही तोवर तसंच वाटत होतं. घरी येऊन जुना कोश काढला तर निघालं भलतंच. दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन सांगितलं की किल्ला हा लांबचा पाहुणा. अरबीतून निघाला, फारसीच्या सोबतीने आपल्याकडे पोचला. किल्ली मात्र इथलीच. कील म्हणजे खिळा, खुंटी, त्या घराण्यातली. दोघांचं रक्ताचं नातं नाही आणि लग्नाचंही नाही.

त्यांचा चेहरा जरा पडला. "म्हणजे नुसते शेजारी."

"शेजारीच. एकमेकांसारखे दिसतात, एवढंच."

संध्याकाळी त्यांनी ते घरी सांगितलं असावं, कारण भाजी निवडत दारात बसलेल्या वहिनी मला जिन्यात बघून म्हणाल्या, "ऐकलं हो. आमचंही तसंच आहे. लोकांना वाटतं नवरा-बायको. आहोत आपले शेजारी."

वहिनींचं दार आमच्या दारासमोर, मध्ये तीन पावलांचा बोळ. त्या ठेंगण्या, घाईच्या चालीच्या, आणि तोंडाने तिखट. त्या दिवसानंतर किल्लेदारांना शब्दांचा नादच लागला. आठवड्यातून एकदा तरी जिन्यात अडवायचे. कोट म्हणजे काय, अंगातल्या कोटाचा त्याच्याशी काही संबंध आहे का? मी सांगायची की नाही, अंगातला कोट इंग्रजीतून आला, तटाचा कोट संस्कृतातला. बालेकिल्ल्यातला बाले कोण? कोणी नाही, बाला म्हणजे वरचा, किल्ल्याच्या आतला उंचावरचा शेवटचा किल्ला. आणि दुर्ग? दुर् म्हणजे कठीण, ग म्हणजे जाणं. जिथे जाणं अवघड तो दुर्ग.

हे त्यांना फार आवडलं. "मग आमच्या दाराचं कुलूप म्हणजे दुर्गच," ते म्हणाले.

ते कुलूप त्यांनी स्वतः घडवलं होतं. विकायचं म्हणून नाही, हौस म्हणून. आत सात पट्ट्या होत्या, आणि साती एकाच वेळी नेमक्या उंचीला उचलल्या गेल्या तरच कुलूप सरके. किल्लीचं भोक दाराच्या आरपार, आतूनही तीच किल्ली आणि बाहेरूनही तीच. शिवाय आतल्या बाजूला एक खटका होता, म्हणजे घरात असलेल्या माणसाला किल्लीवाचून बाहेर पडता येई. "हे माझ्यानेही किल्लीशिवाय उघडणार नाही," असं ते अभिमानाने सांगत. त्यावर वहिनी आतून म्हणत, "चोराला दोन चादरी आणि एक फुटकी किटली मिळू नये म्हणून आयुष्य घालवलंय माणसाने."

किल्ला या शब्दाला त्यांच्या घरात आणखी एक अर्थ होता. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं ते दोघं जुन्या गोदामाच्या गच्चीवरच्या एका खोलीत राहिले होते. ब्याऐंशी पायऱ्या. पाणी खालून वर न्यायचं. वहिनी त्या खोलीला किल्ला म्हणत. "वर पोचलं की शत्रू येत नाही आणि सासूही येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगी झाली तेव्हा ते आमच्या इमारतीत आले. मुलगी शिकली, लग्न करून दूरच्या शहरात गेली. मग पुन्हा दोघंच.

वहिनींचं बिघडत चाललंय हे मला आधी कळलं की त्यांना, कोण जाणे. दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात सापडलं. मला त्या एकदा 'नवीन राहायला आलात का' म्हणाल्या आणि लगेच सावरून हसल्या, थट्टाच केली असावी तसं. मग एक दिवस त्या घरातून निघून गेल्या आणि बस डेपोत, एका रिकाम्या बसमध्ये पुढच्या सीटवर हातात पिशवी धरून बसलेल्या सापडल्या. दोन महिन्यांनी पुन्हा गेल्या. भर दुपारी, एका पायात चप्पल, मालगाडीच्या रुळांमधून चालत होत्या. फाटकवाल्याने हाताला धरून आणलं. तो किल्लेदारांना म्हणाला, "काका, गाडी यायला चार मिनिटं होती."

त्या संध्याकाळी त्यांनी दाराचा आतला खटका काढून टाकला. चार स्क्रू आणि एक पितळी मूठ. स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवली, वरून रंगही लावला. दुसऱ्या दिवसापासून नऊला दार बंद, एकला जेवायला येत, तीनला पुन्हा बंद, सातला परत. किल्ली एकच, त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात.

इमारतीत कुजबुज झाली. जनावराला कोंडावं तसं कोंडलंय, असं कोणी म्हणालं. एकटा किल्ला लढवतोय बिचारा, असंही कोणी म्हणालं. आमच्या ह्यांना बुद्धिबळाचा नाद. ते म्हणाले, "किल्लेकोट केलाय त्यांनी. राजा कोपऱ्यात नेऊन ठेवला, हत्ती पहाऱ्याला. पण त्यात एक खोट असते. कधी कधी आपल्याच प्याद्यांच्या मागे राजा अडकतो, आणि सरकायला एक घर उरत नाही."

"मग काय करायचं?"

"वेळेवर एक प्यादं पुढे सरकवायचं," हे म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

मुलगी फोनवर सांगे, बाबा, आईला संस्थेत ठेवा. किल्लेदार एक संस्था बघूनही आले. परत आल्यावर मला म्हणाले, "तिथे पलंगाला बांधतात ताई. मऊ पट्ट्याने बांधतात, पण बांधतात. घरात निदान दोन खोल्यांत फिरते."

त्या हिवाळ्यात वहिनींचे शब्द गळायला लागले. आधी वस्तूंची नावं गेली. चमच्याला 'ते ढवळायचं', आरशाला 'ती बाई'. मग माणसांची गेली. पण एक शब्द मात्र घट्ट राहिला. त्या दिवसभर म्हणायच्या, किल्ला. "अहो, किल्ला द्या." "किल्ला कुठे ठेवला?" किल्लेदार जेवायला आले की पहिलं वाक्य हेच.

टपरीवर कोणी चौकशी केली तर ते कौतुकाने सांगत, "जुनी खोली आठवते तिला. सगळं विसरली, आमचा किल्ला नाही विसरली." एका रविवारी ते वहिनींना घेऊन तिथे गेलेही. ब्याऐंशी पायऱ्या, दर दहा पायऱ्यांवर थांबत. त्या खोलीत आता कोणीतरी पुठ्ठ्याची खोकी भरून ठेवली होती. वहिनींनी आत डोकावून विचारलं म्हणे, "कोणाचं घर आहे? बोलावलंय का आपल्याला?"

ते दोघं परत आले तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्यामागूनच जिना चढत होते. दारापाशी किल्लेदारांनी आतल्या खिशातून किल्ली काढली. वहिनींची नजर त्यांच्या हातावर गेली. दमलेला चेहरा एकदम उजळला, आणि त्यांनी बोट पुढे करून, शाळेतल्या मुलीसारखं स्पष्ट म्हटलं, "किल्ला."

किल्लेदारांनी किल्ली कुलपात घातली. "हो, जाऊन आलो ना," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोळात मला दारामागून आवाज आला. खरवडल्याचा. मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी दाराजवळ तोंड नेऊन म्हटलं, "वहिनी?"

"कोण?"

"मी. समोरची."

"किल्ला आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही हो वहिनी. माझ्याकडे नाही."

मग सहानुभूतीच्या सुरात, "म्हणजे तुम्हालाही आत ठेवलंय?"

मी तिथून निघाले ती तशीच घरातली चप्पल घालून टपरीवर गेले. किल्लेदार एक लांब दांड्याची किल्ली घासत होते. मी म्हटलं, "वहिनी किल्ला मागत नाहीत. किल्ली मागतात."

कानस चालूच राहिली. "तुम्हीच सांगितलं होतं ना ताई. दोघांचं काही नातं नाही म्हणून."

"ते कोशात. त्यांच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय, त्यातच त्या दोन्ही बसवतात."

तेव्हा कानस थांबली. त्यांनी किल्लीवरचा चुरा फुंकला, चष्मा काढला, शर्टाने पुसला. बराच वेळ पुसला.

"चाळीस वर्षं झाली किल्ल्या बनवतोय," ते म्हणाले. "दारात येणारा माणूस तोंड उघडायच्या आधी मला कळतं त्याला काय हवंय. माझी बायको काय मागते ते कळणार नाही? पहिल्या दिवशीच कळलं."

"मग?"

"किल्ली मागते म्हटलं, तर रोज नाही म्हणावं लागतं. दिवसातून पन्नास वेळा नाही. तिच्या तोंडावर. किल्ला मागते म्हटलं की 'जाऊ हं रविवारी' असं म्हणता येतं." त्यांनी चष्मा लावला. "तुमच्या त्या कोशाने फार सोय केली माझी."

शेवटी मी तेच म्हटलं जे त्याआधी सहा महिने म्हणायला हवं होतं. "मला एक किल्ली करून द्या. दुपारी तीन ते पाच मी बसत जाईन त्यांच्याजवळ. खाली अंगणात फिरवून आणीन. हात सोडणार नाही."

ते लगेच हो म्हणाले नाहीत. "त्या कुलपाला दुसरी किल्ली केलीच नाही कधी," ते म्हणाले. "दुसरी झाली की कुलूप अर्धं होतं." मग माझ्याकडे बघून, "करतो. तसली कोरी इथे मिळत नाही, मागवावी लागेल. या आठवड्यात करतो."

तो आठवडा गेला. मी जिन्यात विचारलं, ते म्हणाले, कोरी आली, पण जाड आहे. पुन्हा विचारलं, म्हणाले, उद्या. मी रोज दुपारी दाराबाहेर स्टूल टाकून बसू लागले आणि भोकातून गप्पा मारू लागले. वहिनी आत दाराला टेकून बसत. कधी काही बोलत, कधी नुसतं खरवडत. मला वाटे चाळा आहे. हाताला काहीतरी हवं असतं अशा माणसांना.

किल्लेदारांना मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांच्या मागे लागणं बरं दिसत नाही असं मला वाटलं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला समोरच्या घरात काहीतरी जोरात पडलं. मग एक आवाज आला, माणसाचा आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मी हाका मारल्या. ह्यांना टपरीवर पिटाळलं. पंधरा मिनिटांत किल्लेदार आले, वर येईतो त्यांचा श्वास भरून आला होता. त्यांनी किल्ली काढली, भोकात घातली, ती अर्ध्यातच अडली.

त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं. भोकात केसांचे आकडे होते, एकात एक अडकलेले, आणि चमच्याच्या दांड्याचा मोडका तुकडा.

"ती उघडत होती," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

मग ते गुडघ्यावर बसले आणि पिशवीतला बारीक चिमटा काढून कामाला लागले. एक आकडा निघाला. दुसरा निघाला. चमच्याचा तुकडा मात्र हलेना. अर्ध्या गावाची दारं ज्यांनी पाच-पाच मिनिटांत उघडली त्यांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर पडत होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आमचे हे म्हणाले, "दार तोडू या का?"

"थांबा. होतंय."

"अहो, त्या आत पडल्या असतील."

"होतंय म्हटलं ना. माझं कुलूप आहे."

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. "अहो," एवढंच. चिडलेला नाही, रडका नाही. स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारावी तसा.

किल्लेदारांनी चिमटा खाली ठेवला आणि बाजूला सरकले. तळमजल्यावरचा सुतार पहार घेऊन आला. कुलूप काही तुटलं नाही. चौकट तुटली.

दारामागे खुर्ची उलटली होती. वहिनी तिच्यापलीकडे कुशीवर पडल्या होत्या, एक पाय नको त्या बाजूला वळलेला. केस सगळे मोकळे, कारण केसांत आकडा एकही उरला नव्हता. एक मुठीत होता. त्याचं टोक वाकवून, कशावर तरी घासून, त्याला दात काढला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत किल्लेदार तो आकडा हातात धरून बसले होते. "दोन पट्ट्या उचलल्या होत्या तिने," ते मला म्हणाले. "सातांतल्या दोन. चमच्याने. चाळीस वर्षं बघत होती मला, मला वाटायचं तिचं लक्ष नसतं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले की या वयात, या अवस्थेत शस्त्रक्रिया झेपायची नाही. हाडापेक्षा छातीला धोका आहे, झोपून राहिल्यावर कफ होतो. तसंच झालं. एकोणीस दिवस त्या तिथे होत्या. मुलगी बाराव्या दिवशी आली आणि शेवटपर्यंत राहिली. टपरी त्या दिवसांत उघडलीच नाही.

पण मला सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. मी डबा घेऊन गेले होते. मोठा वॉर्ड, दोन्ही टोकांना दारं, दोन्ही सताड उघडी, माणसं ये-जा करत होती. वहिनी उशीला टेकून समोर बघत होत्या. त्या सकाळपासून शांत होत्या. किल्ला म्हणाल्या नव्हत्या. तसं पाहिलं तर आदल्या दिवसापासूनच म्हणाल्या नव्हत्या.

किल्लेदारांनी शर्टाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढलं. नवी किल्ली. पितळ अजून लखलखत होतं, दातांवर कानशीच्या रेघा ताज्या होत्या. कधी केली, कुठे बसून केली, मी विचारलं नाही. त्या कुलपाला अडकायला आता चौकटच नव्हती.

त्यांनी वहिनींचा हात उलटा केला, तळव्यावर ती ठेवली आणि बोटं मिटवली.

"घे. तू मागत होतीस ना. ही तुझी."

वहिनींनी मूठ उघडली. किल्ली जवळ नेली, दूर नेली. तिच्या दातांवरून अंगठा फिरवला. वहिनींनी ती अलटून पालटून पाहिली, जिचा उपयोग आपल्याला माहीत नाही अशी वस्तू माणूस बघतो तशी. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणाची असेल म्हणून. शेवटी त्यांची नजर स्टुलावर बसलेल्या माणसावर थांबली.

"भाऊ," त्या अगदी आदराने म्हणाल्या, "तुमचं काहीतरी राहिलंय इथे."

किल्लेदारांनी हात पुढे केला. वहिनींनी ती त्यांच्या हातावर ठेवली.

"हो," ते म्हणाले. "माझीच आहे."

त्यांनी ती पुन्हा आतल्या खिशात ठेवली, वरचं बटण लावलं. नर्स पेजेची वाटी घेऊन आली. किल्लेदारांनी ती तिच्या हातातून घेतली, फुंकर मारली, आणि पहिला चमचा वहिनींच्या ओठाशी नेला.